परका बर्फ आणि आपली आळी

चित्रकलेच्या बाबतीत आपण विद्यार्थ्यांनी एक विचित्र सवय लावून घेतली आहे. जे रोज डोळ्यांसमोर असते ते आपल्या कागदावर येत नाही, आणि जे कागदावर येते ते आपण जन्मात पाहिलेले नसते. कोणत्याही स्नेहसंमेलनातले चित्रप्रदर्शन घ्या. त्यात दोन-तीन तरी चित्रे बर्फाची असतातच. उतरत्या छपरांची लाकडी घरे, छपरांवर विरघळत आलेला पांढरा थर, मधून गेलेला ओला रस्ता, कडेला पाने झडलेली झाडे आणि दूरवर काळा कोट घातलेली एक आकृती. चित्राखालची सही वाचावी तर ती रोह्याच्या, माणगावच्या नाहीतर तळ्याच्या मुलाची! बर्फ म्हणून त्याने पाहिलेला असतो तो सरबताच्या पेल्यातला, किंवा मासळीच्या पेटीतला.

यात त्या मुलाची थट्टा करण्यासारखे काही नाही. नक्कल करूनच हात वळतो, हे कोणीही मान्य करील. जलरंगाची जी पुस्तके आपल्या हाती पडतात ती बहुतेक इंग्लंड-अमेरिकेकडची. कॅलेंडरांवरचे देखावे स्वित्झर्लंडचे. आता मोबाइलवर चित्रकलेचे जे धडे पाहायला मिळतात, त्यांतही 'हिवाळ्यातला रस्ता' हा एक ठरलेला धडा असतो. शिवाय बर्फ काढणे दिसते तितके अवघड नाही. पांढरा कागद तसाच राखायचा, सावल्यांना फिकट निळा हात द्यायचा, चार काळ्या फांद्या ओढायच्या, की पाहणारा 'वाहवा' म्हणतो. कौतुक झाले की मुलगा पुढच्या वर्षी आणखी मोठा बर्फ काढतो. यात दोष द्यायचाच तर तो आपल्या सर्वांच्या कौतुकाला द्यावा लागेल.

पण एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. तळ्याच्या आळीत जन्मलेल्या, वाढलेल्या मुलाला ऋतू पालटताना आपली आळी कशी दिसते हे कागदावर मांडता येत नसेल, तर तो चित्रकला शिकला असे म्हणावे काय? माझे मत असे की, म्हणू नये. आणि हे मत केवळ स्वदेशीच्या अभिमानापोटी नाही. त्याला चित्रकलेच्या आतलेच कारण आहे.

प्रथम बर्फवाल्यांकडेच पाहू. आल्फ्रेद सिस्ले हा चित्रकार पॅरिसजवळच्या लूव्हसिएन गावात राहत होता आणि त्याच गावच्या बर्फाने भरलेल्या गल्ल्या तो १८७० नंतरच्या दशकात पुनःपुन्हा काढत होता. क्लोद मोने व्हेतेय येथे राहत असताना १८७९-८० च्या कडक हिवाळ्यात सेन नदी गोठली. जानेवारी १८८० मध्ये तो बर्फ फुटून वाहू लागला, तेव्हा मोनेने तेच दृश्य निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या प्रकाशात रंगवले. ही माणसे दुसऱ्याचा ऋतू काढायला गेली नव्हती. दारातून बाहेर पडल्यावर जे दिसले ते त्यांनी काढले. त्यांच्यापासून घ्यायचे असेल तर ते दारातून बाहेर पडणे घ्यावे; बर्फ त्यांच्या दारातच राहू द्यावा. उद्या आपल्यातला कोणी टोरांटोला जाऊन राहिला, तर त्याने खुशाल बर्फाचा रस्ता काढावा. तो तेव्हा त्याचा रस्ता असेल.

कोणी म्हणेल, कल्पनाशक्तीला काही स्थान आहे की नाही? जरूर आहे. जपानच्या हिरोशिगेने १८३३-३४ च्या सुमारास तोकाइदो मार्गावरच्या त्रेपन्न मुक्कामांची चित्रमाला काढली. तिच्यातले कानबारा गावचे, रात्रीच्या बर्फातले चित्र जगभर गाजले. गंमत अशी की कानबारा हे उबदार किनाऱ्यावरचे गाव. तेथे असा बर्फ सहसा पडत नाही. मग हिरोशिगेला चालते ते आम्हांला का चालू नये? उत्तर सोपे आहे. हिरोशिगे एदो शहरात वाढलेला. पायाखाली बर्फ कसा दबतो, त्यात माणूस पाठ वाकवून कसा चालतो, हे त्याला ठाऊक होते. त्याने ठाऊक असलेला बर्फ दुसऱ्या गावी नेला. ठाऊक नसलेला बर्फ ठाऊक असलेल्या गावावर टाकणे ही अगदी निराळी गोष्ट आहे.

आता मुख्य कारणाकडे येतो. बर्फ वितळताना रस्त्याचे जे होते त्याच्या नेमके उलट आपल्या आळीचे पावसाळा सरताना होते. तिकडे सगळे आधी पांढरे असते. थर वितळतो तसे त्याखालून काळे डांबर, काळी माती, गडद कौले डोके वर काढतात. म्हणजे चित्र उजळाकडून गडदाकडे जाते. आपल्याकडे चार महिने सगळे भिजून गडद झालेले असते. दगडाच्या, मातीच्या, कौलाच्या बारीक छिद्रांत पाणी भरले की त्यावर पडलेला उजेड परत येण्याऐवजी आत मुरतो. म्हणून ओली भिंत कोरडीपेक्षा काळी दिसते. पाऊस गेला, ऊन पडले, की ही भिंत दिवसादिवसाने फिकी होत जाते. तांबडी माती आधी चॉकलेटी असते, मग विटकरी होते, शेवटी धुळीची गुलाबी. म्हणजे आपले चित्र गडदाकडून उजळाकडे जाते. ज्या मुलाने बर्फाची चाळीस चित्रे गिरवली त्याच्या हाताला एकच वाट पाठ झालेली असते, आणि ती आपल्या गावी उलटी पडते. तो आळीत बसला की 'येथे काढण्यासारखे काहीच नाही' म्हणून उठतो. काढण्यासारखे पुष्कळ असते. त्याचा हात मात्र दुसऱ्या देशाच्या उजेडात तयार झालेला असतो.

रायगड जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उंच माणसाच्या दीडपटीहून जास्त खोल पाणी सबंध जिल्ह्यावर उभे करावे, असा हा हिशोब. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईहून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर धरली. म्हणजे आपल्याकडचा 'वितळण्याचा' काळ गणपतीच्या उघडिपीपासून दिवाळीपर्यंतचा. भाद्रपद, आश्विन आणि कार्तिकाची सुरुवात. या दोन-अडीच महिन्यांत गडाच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या तळ्याची एखादी आळी रोज थोडीथोडी उघडत जाते. ते उघडणे कोणी काढले आहे?

काय काय उघडते ते नुसते मोजू. पश्चिमेकडून येणारी झड अडवण्यासाठी पडवीला लावलेले झावळ्यांचे झाप, आणि हल्ली बहुतेक ठिकाणी निळे प्लॅस्टिक, खाली उतरते. चार महिने अंधारलेली पडवी एका सकाळी उजेडात येते. जोत्याच्या दगडावर, जमिनीपासून हात-दीड हातापर्यंत, शिंतोड्यांची तांबडी पट्टी उठलेली असते. पागोळ्या जेथे पडत होत्या तेथे अंगणात लहान लहान खळग्यांची सरळ ओळ कोरलेली असते. घराच्या कौलांची जणू खाली उमटलेली प्रत. गडग्यावरचे शेवाळ वरच्या दगडांवर वाळून काळे पडते आणि खालच्या सांदीत हिरवेच राहते. वाटेच्या कडेचा तेरडा फुलून जातो, कुर्डूचे तुरे वर येतात. दसऱ्याच्या आगेमागे कोणी अंगण खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपायला घेतो. ते शेणाने सारवले की आळीच्या गडद रंगात पहिला स्वच्छ, सपाट, उजळ तुकडा दिसतो. मग मांडवाचे खांब उभे राहतात, शेतातले हळवे भात कापून येते, पेंढा रचला जातो. जूनमध्ये घराला टेकलेली आळी नोव्हेंबरात अंगणात येऊन बसते.

प्रकाशाचेही तसेच. तळा साधारण सव्वाअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही आपल्या थेट डोक्यावर येतो. मधल्या काळात तो उत्तरेकडे असतो, पण ढगांमुळे आपल्याला त्याचा पत्ता नसतो. ढग हटतात तेव्हा तो दक्षिणेकडे कललेला असतो. ऑक्टोबरच्या मध्यास भरमाध्यान्ही उभ्या वस्तूची सावली उत्तरेकडे, तिच्या उंचीच्या जवळजवळ निम्मी पडते. याचा परिणाम असा की पूर्व-पश्चिम आळीत एका अंगाची दक्षिणाभिमुख घरे आधी सुकतात, आणि समोरच्या अंगाची, पाठीवर ऊन घेऊन उभी असलेली घरे मार्गशीर्षापर्यंत हिरवी-ओली राहतात. एकाच वाटेच्या डाव्या-उजव्या हातांना दोन वेगळे महिने चाललेले असतात! दूरदृश्याची रेषा, छाया-प्रकाश, रंगाचे उबदार-थंडपण, पोत असे चित्रकलेचे जे जे धडे आपण वर्गात स्वतंत्रपणे शिकतो, ते सारे येथे एका जागी, फुकट, दाराशी मांडलेले असतात. एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्र काढावे लागते. पण ज्या मुलाच्या स्मरणात छापील चित्रेच साठलेली असतात, तो स्मरणातून काय काढणार? दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी आणि एक झोपडी. तळ्याला राहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर खरा डोंगर आहे, आणि त्याचा माथा त्रिकोणी नाही.

आपल्या मराठी मुलुखात घराजवळचे पाहणारे चित्रकार झालेच नाहीत असे नाही. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेले आबालाल रहिमान कोल्हापुरास परतले आणि कोटितीर्थाच्या परिसरात राहून त्यांनी तेच पाणी, तेच काठ वेगवेगळ्या प्रहरी रंगवले. सय्यद हैदर रझा १९५० साली फ्रान्सला गेले; त्याआधी ते मुंबईचे भिजलेले रस्ते जलरंगात काढत होते. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. महिन्यामहिन्याने झाडे, फुले, आभाळ कसे पालटते याची त्यांनी शब्दांत नोंद ठेवली. पेन्सिलीने तीच नोंद आपल्या आळीची ठेवणे हे विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्यासाठी प्रतिभा लागते असे मी म्हणणार नाही. लागते ती बैठक.

प्रत्यक्ष आळीत पॅड घेऊन बसले की पहिली हरकत घरातूनच येते. ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या एका आजींनी मला विचारले, "अरे बाळा, या मोडक्या घराचं कसलं चित्र काढतोस? त्यापरीस गड काढ की! लोक बघतील तरी." आजींचे म्हणणे टाकाऊ नाही. गडाचे चित्र लोक पाहतात. शिवकालाशी नाते सांगणारा तळगड काढावा, वर्षातून दहा वेळा काढावा. पण गडाला इतिहासकार आहेत, गिर्यारोहक आहेत, छायाचित्रकार आहेत, सरकारी खाती आहेत. आजींच्या पडवीला कोण आहे?

आपल्याच तालुक्यातली कुडे गावची लेणी पाहा. राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून डोंगरात कोरलेली ही सव्वीस बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत मांदाडच्या महाभोज घराण्याची नावे आहेत, तशीच माळ्याची, वैद्याची आणि लोखंडाचा व्यापार करणाऱ्याचीही आहेत. त्या काळात एका माळ्याला वाटले की आपले नाव दगडावर असावे, आणि ते राहिले. त्या माळ्याचे घर कसे होते, त्याच्या अंगणात पागोळ्या कोठे पडत, हे मात्र कोणाला कळण्याचा मार्ग उरला नाही. लेणे राहिले, आळी गेली. आळ्या नेहमीच जातात. कारण त्या महत्त्वाच्या आहेत असे राहणाऱ्यांनाच वाटत नाही.

आणि हे जाणे आता फार जवळ आले आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढले. ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तळा या भागांत घरांची कौले उडाली, वाडीतली माडा-पोफळीची झाडे आडवी झाली. पुढे पाऊस उभा होता. लोकांनी हाताला लागेल ते छपरावर टाकले. प्लॅस्टिक टाकले, मग पत्रे टाकले. आणि अनेक ठिकाणी ते पत्रे कायमचे झाले. १८६५ साली बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून 'मंगलोरी कौल' ही वस्तू किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत कोकणातल्या घरांवर चढली होती. तिच्या आधी नळीची कौले होती, त्याआधी गवत आणि पेंढा. एका दुपारी छपरांचा हा सारा क्रम ज्या घरांवरून पुसला गेला, त्यांतल्या किती घरांचे वादळापूर्वीचे एखादे साधे रेखाचित्र तालुक्यात कोठे असेल? घर पुन्हा बांधणाऱ्याला पडवीचा उतार किती होता, पन्हळ कोणत्या बाजूला सोडली होती, हे आठवणीवरून सांगावे लागले.

चित्राने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे देतो. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेत. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. १८८५ साली लंडनमध्ये लागलेल्या आगीत त्यांतल्या पुष्कळ प्रती जळाल्या. तरीही उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ साली ग्रंथाचे दोन खंड निघाले. भिंतीवरून त्यानंतर जे गळून गेले त्याचा काही अंश आज त्या विद्यार्थ्यांच्या कागदांवर पाहायला मिळतो. दुसरे उदाहरण पोलंडचे. १९४४ साली जर्मन सैन्याने वॉर्सा शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. युद्धानंतर जुना गावभाग पुन्हा उभारताना बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराने १७७० ते १७८० च्या दरम्यान काढलेली त्या शहराच्या रस्त्यांची चित्रे पुढे ठेवण्यात आली, आणि त्यांच्या जोडीला होती युद्धापूर्वी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी घरोघर फिरून केलेली मोजमापांची रेखाटने. १९८० साली युनेस्कोने त्या पुन्हा बांधलेल्या भागाला जागतिक वारसा मानले. दोन्ही ठिकाणी हात विद्यार्थ्यांचे होते. काम करताना आपण इतिहास वाचवतो आहोत असे त्यांना वाटले असेलच असे नाही. त्यांना बहुधा मास्तरांनी सांगितले होते.

आता काही आक्षेप. पहिला आक्षेप मोबाइलचा. एका क्षणात फोटो निघत असताना दोन तास बसून चित्र का काढावे? फोटो काढू नये असे कोण म्हणतो? तोही काढावा. पण फोटोला सगळे सारखेच असते; निळे प्लॅस्टिक आणि त्यामागचा कोरीव खांब यांत त्याला भेद नाही. चित्र काढणाऱ्याला प्रत्येक रेषेपाशी थांबून विचारावे लागते की ही वस्तू कशासाठी आहे. कळले नाही तर उठून घरच्या माणसाला विचारावे लागते. दोन तास एकाच ओटीसमोर बसले की पाणी येते, चहा येतो, घराची गोष्ट येते, आणि वस्तूंची नावे येतात. जोते, पडवी, माजघर, पन्हळ, गडगा, वई हे शब्द आपल्यातल्या कित्येकांनी पाठ्यपुस्तकात वाचले आहेत, पण बोट दाखवून ओळखता येतील असे त्यांतले किती आहेत? सपाट स्लॅबच्या घराला पागोळ्या नसतात. पाइपमधून पाणी खाली येते. घराच्या कडेने थेंबांची झालर धरणारी ती गोष्ट गेली की तिचे नावही जाईल. चित्राच्या कडेला ते नाव लिहून ठेवले तर निदान कागदावर तरी राहील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्यही आहे. कोणी म्हणेल, 'तुम्हांला कौलारू घर चित्रात छान दिसते. त्यात राहणाऱ्याला विचारा. दर वर्षी वैशाखात छप्पर शाकारायचे, माकडांनी फोडलेली कौले बदलायची, वाशांना लागलेली वाळवी काढायची, भिंतींची ओल सोसायची. मुलगा मुंबईला, घरात म्हातारी माणसे दोन. छपरावर चढणार कोण?' अगदी खरे. स्लॅब घालणाऱ्याला नावे ठेवण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. आपण चित्र काढतो ते घर तसेच राहावे म्हणून नव्हे. जो पालट होतो आहे तो डोळे उघडे ठेवून पाहिला जावा, एवढ्यासाठी. म्हणून नवे स्लॅबचे घरही काढावे. त्याच्या गच्चीवर घातलेले पत्र्याचे छप्पर काढावे. पाण्याच्या काळ्या टाक्या, विजेच्या तारा, गेटाला टेकलेली मोटारसायकल, कुलूप लागलेले आणि गणपतीलाच उघडणारे दार, हे सारे काढावे. सुंदर तेवढेच निवडून काढणारा मुलगा पुन्हा कॅलेंडरच काढतो आहे. फक्त त्यातला बर्फ गेला आणि कौले आली, एवढाच फरक. आळीचे चित्र खरे असायचे तर बंद दाराचे कुलूपही त्यात यायला हवे.

तिसरा आक्षेप प्राध्यापकांचा असू शकेल: कला शाखेचे सगळेच विद्यार्थी काही चित्रकार नसतात. नसू देत. मराठीच्या विद्यार्थ्याला शब्द मिळतील, इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधन मिळेल, भूगोलाच्या विद्यार्थ्याला ऊन-पावसाचा वस्तीवर होणारा परिणाम पाहायला मिळेल. रेषा वेडीवाकडी आली तरी माहिती खरी असली की झाले. चांगल्या हातांची खोटी चित्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत. साध्या हातांची खरी चित्रे फार थोडी.

तेव्हा माझी सूचना अशी. दर वर्षी महाविद्यालयाने एक आळी निवडावी. तिथल्या रहिवाशांची आधी परवानगी घ्यावी. कोणाला आपले घर काढलेले नको असेल तर ते सोडावे. दहा-बारा विद्यार्थ्यांनी वर्षातून चारदा तेथे बसावे: गणपतीच्या आधीच्या उघडिपीत, दसऱ्यानंतर, दिवाळीनंतर आणि वैशाखात छपरे शाकारताना. जागा तीच ठेवावी, म्हणजे चार कागद शेजारी मांडले की आळी कशी सुकली, कशी उघडली, ते आपोआप दिसेल. प्रत्येक कागदावर तारीख, वेळ आणि दिशा लिहावी. वस्तूंची नावे घरच्यांच्या तोंडची लिहावीत, पुस्तकातली नव्हे. खर्च म्हणाल तर एक टू-बी पेन्सिल, एक फोर-बी पेन्सिल आणि कागद. रंग भरायचेच तर यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन या तिघांत आळीचा बराचसा संसार भागतो. भाद्रपदात हवेतल्या ओलीने कागद फुगतो, रंग सुकत नाही. तेव्हा पेन्सिलच बरी. ऑक्टोबरच्या उन्हात उलट ब्रश उचलायच्या आत रंग सुकतो. तेव्हा सकाळी नऊच्या आत बसावे. वर्षाअखेरीस सगळे कागद एका गठ्ठ्यात बांधून ग्रंथालयात ठेवावेत, आणि त्या गठ्ठ्यावर आळीचे नाव घालावे. दहा वर्षांत दहा आळ्या होतील. तळा काही मुंबई नव्हे; त्याच्या आळ्या मोजून संपण्याइतक्या आहेत.

त्या गठ्ठ्यातली बहुतेक चित्रे सामान्य असतील. संमेलनात त्यांना बक्षीस मिळणार नाही, आणि बर्फाच्या चित्रापुढे ती फिकी दिसतील. पण आणखी तीस वर्षांनी मुंबई-पुण्याहून कोणी आपले आजोळ शोधत येईल. घराच्या जागी दुसरेच काही उभे असेल. तेव्हा त्याला दाखवायला आपल्या ग्रंथालयात एक कागद असावा. त्यावर पडवी असावी, जोत्यावरची तांबडी पट्टी असावी, अंगणातली पागोळ्यांची ओळ असावी आणि कोपऱ्यात तारीख असावी. पाऊस यंदाही परतणार आहे, आणि तेव्हा आळी सुकायला लागेल. त्या सकाळी आपल्यापैकी कोणीतरी पेन्सिलीला टोक करून तेथे बसलेले असावे, एवढेच मागणे आहे.